काष्ठतरंग आणि जलतरंग

पुष्कळ शाळांतून घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असतो. त्यावर टोला दिला की आवाज वेशीपर्यंत जातो. तोच तुकडा जमिनीवर ठेवून वाजवा. नुसते ‘ठक्’ होईल आणि संपेल. लोखंड तेच, टोलाही तोच. टांगलेल्या तुकड्याला थरथरायला मोकळीक होती, जमिनीवर ती राहिली नाही, एवढाच काय तो फरक. काठीने वाजवायच्या सुरेल वाद्यांचे मर्म यातच आहे. ताशाही काठीने वाजतो. पण त्यातून ताल निघतो, गाण्याची चाल निघत नाही. जलतरंग आणि काष्ठतरंग यांतून ती निघते.

आधी जलतरंग पाहू. चिनी मातीची लहानमोठी वाडगी वादकापुढे अर्धवर्तुळात मांडतात. खालच्या सुरांची मोठी वाडगी डावीकडे, वरच्या सुरांची लहान उजवीकडे. दोन हातांत दोन बारीक काठ्या घेऊन वाडग्याच्या काठावर हलका टोला द्यायचा. पुष्कळांना वाटते की पाणी वाजते. तसे नाही. वाजते ते वाडगे. पाणी हे वाडग्याच्या थरथरत्या भिंतीवरचे ओझे आहे. ओझे वाढले की थरथर संथ होते आणि सूर उतरतो. म्हणून सूर चढा वाटला तर चमचाभर पाणी घालावे, उतरा वाटला तर थोडे काढून घ्यावे.

आता एक गंमत पहा. एका बाटलीत थोडे पाणी घालून तिच्या काठाशी चमच्याने वाजवा. पाणी वाढवत गेलात तर सूर उतरत जाईल. त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर घाला, तर पाणी वाढेल तसा सूर चढेल! फुंकर घातल्यावर वाजते ती आतली हवा, आणि पाण्याने हवेची जागा कमी केलेली असते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. मात्र काय होईल ते मुलांना आधी विचारावे आणि मग बाटली वाजवावी.

काष्ठतरंगात लाकडाच्या पट्ट्या असतात. पाश्चात्य देशांत अशाच वाद्याला झायलोफोन म्हणतात. ग्रीक भाषेत ‘झायलोन’ म्हणजे लाकूड आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. पश्चिम आफ्रिकेतल्या बालाफोनच्या पट्ट्यांखाली सुके भोपळे बांधतात. तंबोऱ्याचा भोपळा जसा आवाज भरदार करतो, तसेच हे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाने मारिंबा नावाचे याच घराण्यातले वाद्य १९७८ साली आपले राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केले.

काष्ठतरंग शाळेतही करता येईल. मात्र एक हिशेब ध्यानात ठेवावा. तार निम्मी केली की वरचा सा मिळतो. पट्टीचे तसे नाही. ती निम्मी केली तर सूर दोन सप्तके वर जातो. एकाच लाकडाच्या, एकाच जाडीच्या पट्ट्या घेतल्या आणि सा ४० सेंटीमीटरचा धरला, तर पुढची मापे अशी येतात: रे ३७.७, ग ३५.८, म ३४.६, प ३२.७, ध ३१, नि २९.२ आणि वरचा सा २८.३. प्रत्येक पट्टी आधी किंचित लांब कापावी आणि ऐकत ऐकत टोकाला घासावी. सूर चढत जातो. जास्त चढलाच तर पट्टीच्या मध्यावर खालच्या बाजूने थोडे लाकूड खरवडावे, की तो उतरतो.

पट्टी टेकवायची कुठे? मधोमध नाही आणि टोकांनाही नाही. तिच्यावर रांगोळीची पूड भुरभुरवून मध्यावर हलके टोले द्या. पूड सरकत दोन रेघांशी गोळा होईल. तिथे लाकूड जवळजवळ स्थिर असते. या जागा दोन्ही टोकांपासून लांबीच्या शेकडा सुमारे २२ वर येतात. ४० सेंटीमीटरच्या पट्टीत साधारण ९ सेंटीमीटरवर. तिथेच खाली सुतळीची वळकटी द्यावी.

वाजवताना काठी मुठीत आवळू नये. अंगठा आणि तर्जनी यांत ती सैल धरावी, मनगटातून टोला द्यावा आणि काठी लगेच उसळू द्यावी. ती पट्टीवर रेंगाळली तर सूर दबतो. लाकडाचा सूर चटकन विरतो. तो लांबवायचा असेल तर दोन्ही काठ्यांनी आळीपाळीने भराभर टोले द्यावे लागतात. सतारीसारखी लांब मींड इथे निघत नाही. जलतरंगात मात्र टोल्यानंतर काठी पाण्याला हळूच लावून सुराला थोडे हलवतात.

जलतरंग वाजवणारे आज थोडेच उरले आहेत. पेटीत सूर आयते मिळतात, पट्टी दाबली की झाले. इथे प्रत्येक सूर आपल्या कानाने मिळवावा लागतो, आणि पाणी सांडले वा आटले की पुन्हा मिळवावा लागतो. कटकटीचे काम खरे. पण ज्या मुलाने चमच्या-चमच्याने पाणी घालून एकदा पंचम जुळवला, त्याला सुरेल आणि बेसूर यांतला भेद निराळा शिकवावा लागत नाही. गुरुजींनी आठ वाडगी आणि दोन काठ्या जमवाव्यात. बाकीचे काम मुलांचे कान करतील.