‘मेलँकॉली’ म्हणजे काळे पित्त!

‘सॅड’ या इंग्रजी विशेषणाचे समानार्थी शब्द विचारले, की तुम्ही अनहॅपी, ग्लूमी, मेलँकॉली असे शब्द भराभर लिहिता. पण यांतला ‘मेलँकॉली’ हा शब्द मूळचा वैद्यकातला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

ग्रीक भाषेत ‘मेलास’ म्हणजे काळा आणि ‘खोले’ म्हणजे पित्त. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार रस असतात आणि काळे पित्त वाढले की माणूस खिन्न होतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य मानत. पुढे शवविच्छेदन होऊ लागले. पित्ताशयात हिरवट-पिवळे पित्त आढळले; काळ्या पित्ताचा वेगळा रस कोठेच सापडला नाही. कल्पना गेली, शब्द राहिला! ‘कोलेस्टेरॉल’ या नावातही तेच ‘खोले’ आहे, कारण हा पदार्थ प्रथम पित्ताशयातील खड्यांत सापडला.

समानार्थी शब्दांचे अर्थ तंतोतंत सारखे नसतात. गुण कमी पडले, तर तुम्ही ‘सॅड’ होता. नेमके कारण सांगता न येणारी, रेंगाळणारी उदासी म्हणजे ‘मेलँकॉली’. ‘डिप्रेस्ड’चा मूळ अर्थ खाली दाबलेला. बोलताना आपण तो सहज वापरतो. पण डॉक्टरांच्या लेखी नैराश्य हा एक आजार आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, तर पालकांना किंवा शिक्षकांना सांगून डॉक्टरांकडे जावे. त्यावर उपचार आहेत.

तेव्हा एखादा मित्र ‘मी डिप्रेस्ड आहे’ म्हणाला, तर तो कोणत्या अर्थाने म्हणतो, हे त्याला आधी विचारा.