'करायलास'चे अवयव

लिहिलेली अक्षरे मोजली की शब्दाचे अवयव (एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दखंड) मोजून झाले, हा समज देवनागरीच्या घडणीमुळे स्वाभाविक असला, तरी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळकडच्या बोलीतले 'काय करायलास?' (काय करतो आहेस?) कान देऊन ऐकल्यास 'करायलास'ची लेखी अक्षरे पाच आणि उच्चारातले अवयव तीनच भरतात: क, राय्, लास्. भुईमुगाची शेंग जशी आतल्या दाण्यांवरून एकदाणी वा दोनदाणी ठरते, तसे अवयव स्वरांवरून मोजतात. स्वर गमावलेले 'य्' व 'स्' आधीच्या स्वराला चिकटतात. विशेष म्हणजे 'कर' हा धातू (क्रियापदाचे मूळ रूप) येथे दोन अवयवांत विभागला जातो, म्हणून व्याकरणातली फोड आणि उच्चारातली फोड एकच मानता येत नाही. काही भाषांत मात्र कोणत्या अवयवावर जोर येतो यावरच अर्थ ठरतो: इटालियन 'पार्लो'मध्ये आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर असल्यास 'मी बोलतो', शेवटच्यावर असल्यास 'तो बोलला' असा अर्थ होतो. मराठीत कर्ता कोण हे सांगण्याचे काम 'करायलो', 'करायलास' यांतले प्रत्यय करतात.