टर्मिनल मोठे, तरी रांग का?

ग्वाल्हेर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. गर्दीच्या तासाला १४०० प्रवासी, ही त्याची नियोजित क्षमता. एवढ्या प्रशस्त जागेत रांग लागूच नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रवासी तासभर सारख्या अंतराने येत नाहीत. दोन विमानांच्या वेळा जवळ आल्या की एकदम येतात. नरसाळ्याचे तोंड कितीही रुंद असो, तेल नळीच्या मापानेच उतरते. टर्मिनलमध्ये ती नळी बहुधा सुरक्षा तपासणीची असते. मिनिटाला दहा जण आले आणि आठच पुढे गेले, तर अर्ध्या तासात साठ जण खोळंबतात. संगणकीय अनुकरण (प्रत्येक प्रवाशाची हालचाल संगणकावर आधी करून पाहणे) हा तुंबारा बांधकामाआधीच दाखवते. म्हणून आणखी मोठे दालन मागण्याआधी तपासणीची आणखी एक रांग मागावी.