एक मासा, एक कोळी आणि आपला पंप

उसाच्या पत्रिकेत शार्क माशाचे काय काम, असे कोणी विचारील. जरा थांबा, गोष्ट शेवटी आपल्या बांधावरच येणार आहे.

उत्तर अटलांटिक व आर्क्टिकच्या गार पाण्यात, पार दोन हजार मीटर खोलीपर्यंत, ग्रीनलंड शार्क वावरतो. पाच मीटरपर्यंत वाढणारा हा मासा वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी २८ माद्यांच्या डोळ्यांतील भिंगांवरून त्यांची वये काढली. सर्वांत मोठीचे वय कमीत कमी २७२ वर्षे निघाले. म्हणजे पानिपतची लढाई (१७६१) झाली तेव्हा ती पोहतच होती! मादी वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे.

आता वांग्याचे पान उलटून बघा. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा लाल कोळी रस शोषत बसलेला असतो. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तो पुरा वाढतो, आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. वर्षाला वीस पिढ्या धरल्या, तर शार्कची मादी वयात येईतो याच्या तीन हजार पिढ्या होतात.

इथेच खरी मेख आहे. यकृताच्या तेलासाठी माणसाने हा शार्क पुष्कळ मारला. आजही तो दुसऱ्या माशांच्या जाळ्यांत सापडतो. गेलेल्या एका मादीची जागा भरायला दीड शतक लागते. कोळ्याचे उलटे. फवारणीतून जे चिवट उरतात, त्यांचीच प्रजा महिन्याभरात रान भरते, अन् मग तेच औषध त्यांना पाण्यासारखे!

आम्हीही हे शिकलो ते नुकसान सोसून. गेल्या उन्हाळ्यात वांग्यावर एकच औषध लागोपाठ तीनदा मारले. कोळी खाणारे मित्रकीटक मेले, कोळी मात्र राहिला. पीक गेले आणि औषधाची उधारी अंगावर बसली.

म्हणून सांगणे एवढेच : आठवड्यातून एकदा भिंगाने पानाची खालची बाजू तपासा. पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. रस्त्याकडेच्या, धुळीने माखलेल्या ओळी आधी बघा. फवारणी करावीच लागली तर औषधाचा गट बदला, आणि आधी शेतकी खात्याला विचारा. माशाला वेळ कमी पडतो, कोळ्याला तो भरपूर मिळतो. आपण पंप खांद्यावर घेण्याआधी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.