बिनछापखान्याचे वर्तमानपत्र

पुण्यात स्वतंत्र वर्तमानपत्र काढणे हा एके काळी मुख्यतः छापखाना मिळवण्याचा प्रश्न होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही दोन पत्रे सुरू केली, तेव्हा विचारांची आणि मजकुराची त्यांना ददात नव्हती. विवंचना होती ती यंत्राची, खिळ्यांच्या पेट्यांची, जुळाऱ्यांच्या पगाराची आणि कागदवाल्याच्या उधारीची. त्यात पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांनी गुदरलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. तरीही पत्र टिकले, याचे श्रेय आपण लेखणीच्या धारेला देतो आणि ते रास्तच आहे. परंतु त्या धारेमागे गावोगावचे वर्गणीदार होते, टपालाने येणाऱ्या अंकासाठी पदरचे पैसे आगाऊ भरत होते, ही गोष्ट चरित्रकारांच्या लेखी किरकोळ ठरली आहे. मला ती किरकोळ वाटत नाही.

छापखाना ही वस्तू जशी पत्राचे बळ होती, तशीच ती त्याची दुखरी नसही होती. 1867 च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे जाहीरनामा करावा लागे. 1910 च्या कायद्याने सरकारला छापखान्याकडून रोख जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार मिळाला, म्हणजे संपादकाला न्यायालयात खेचण्याचा खटाटोप न करताही पत्राचा गळा आवळता येऊ लागला. स्वराज्यानंतरही हा मार्ग सरकार विसरले नाही. आणीबाणीत यदुनाथ थत्ते संपादक असताना ‘साधना’ साप्ताहिकाच्या छापखान्यावर झालेली कारवाई पुण्यातील जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. यंत्र एका जागी असते, त्याला कुलूप लावता येते.

मधल्या काळात 1 जानेवारी 1932 रोजी डॉ. नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ काढून पुण्याच्या वृत्तपत्रव्यवसायाला निराळे वळण लावले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या गृहस्थाने अग्रलेखाच्या सिंहासनाशेजारी बातमीला मानाची जागा दिली आणि पक्षाच्या किंवा पुढाऱ्याच्या आश्रयावाचून दैनिक स्वतःच्या खपावर उभे राहू शकते, हे सिद्ध केले. पुढे दैनिकांचा पसारा वाढला, रंगीत छपाई आली, जाहिरातीचे उत्पन्न अंकाच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेले, आणि वाचकाने दिलेल्या पैशात त्याच्या हाती पडलेल्या कागदाचीही किंमत निघेनाशी झाली. पत्राचा खरा ग्राहक कोण, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच बदलले होते. आंतरजाल नंतर आले.

संगणकावर मराठी उमटवण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. 1988 मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘सीडॅक’ या सरकारी संस्थेच्या ‘जिस्ट’ विभागाने भारतीय लिप्यांना संगणकात स्थान मिळवून दिले आणि पुण्याच्याच ‘मॉड्युलर इन्फोटेक’ची ‘श्रीलिपी’ छापखान्याछापखान्यांतून रुळली. मात्र दीर्घकाळ प्रत्येकाचा टंक वेगळा होता. एका पत्राचे संकेतस्थळ वाचण्यासाठी उतरवून घेतलेला टंक दुसऱ्या पत्राला निरुपयोगी ठरे, आणि तो नसल्यास पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या सामायिक संकेतप्रणालीने ही बजबजपुरी संपवली, मोबाइलवर देवनागरी सहज लिहिता-वाचता येऊ लागली, आणि 2016 नंतर मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला, की ज्या गावात वर्तमानपत्राची गाडी दुपारी पोचत असे, तेथे मराठी मजकूर पहाटेच वाचता येऊ लागला.

त्याच 2016 मध्ये राम जगताप यांनी ‘अक्षरनामा’ सुरू केले. मुद्रित पत्रकारितेतून आलेल्या या संपादकाने मराठीतील पहिले दैनिक फीचर्स पोर्टल अशी त्याची ओळख सांगितली आणि राजकारण, ग्रंथ, चित्रपट, इतिहास अशा नाना विषयांवरचे दीर्घ लेख तेथे दररोज प्रसिद्ध होऊ लागले. दैनिकांच्या पुरवण्या आटत असताना आणि शब्दमर्यादेची कात्री अधिकाधिक निर्दय होत असताना लेखकांना ही मोकळी जागा मिळाली. पुण्यातून चालणाऱ्या ‘इंडी जर्नल’ या संकेतस्थळानेही आपली वेगळी वाट चोखाळली. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये साधना ट्रस्टने ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल नियतकालिक काढले.

या शेवटच्या नावापाशी थोडे थांबायला हवे. गांधीहत्येनंतर व्यथित झालेल्या साने गुरुजींनी 1948 मध्ये ‘कर्तव्य’ नावाचे सायंदैनिक काढले होते. ते काही महिन्यांतच बंद पडले, आणि त्यानंतर 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मुंबईत जन्मलेले हे साप्ताहिक पुढे पुण्यात शनिवार पेठेत स्थिरावले, डॉ. नरेंद्र दाभोलकर 1998 पासून त्याचे संपादक होते आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांची हत्या झाली, तेव्हाही ते त्या पदावर होते. अंक थांबला नाही. विनोद शिरसाठ यांनी संपादकपदाची धुरा घेतली. साधना परिवाराने डिजिटल अंकासाठी ‘कर्तव्य’ हेच नाव निवडावे, यात मला औचित्य दिसते. गुरुजींचे दैनिक पैशाच्या आणि यंत्रणेच्या ज्या ओझ्याखाली दबले, त्यातले कागद, छपाई आणि वाटप हे ओझे आता उरलेले नाही. आठवड्याच्या अंकाला न पेलणारा तातडीचा मजकूर, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि चित्रफिती हे सर्व तेथे सामावते.

मग आता अडचण कसली, असे कोणी विचारील. अडचण जमाखर्चाच्या वहीत आहे. संकेतस्थळाचे भाडे व देखभाल हा खर्च छापखान्याच्या मानाने अल्प असला, तरी बातमीदाराचा प्रवास, लेखकाचे मानधन, मुद्रितशोधकाचे आणि संपादकाचे वेतन यांत आंतरजालाने एका पैशाची सूट दिलेली नाही. जमेच्या बाजूस जाहिरात असते, ती संपादक मिळवत नाही. गूगलसारख्या कंपनीचे यंत्र वाचक पाहून क्षणार्धात जाहिरातीच्या जागेचा लिलाव करते आणि दर हजार दर्शनांमागे जो अल्प मोबदला ठरतो, त्यातील आपला हिस्सा कापून उरलेला पत्राच्या पदरात टाकते. दुष्काळाच्या चौकशीसाठी चार तालुके हिंडून लिहिलेला लेख आणि नटीच्या लग्नाची उचललेली बातमी यांत ते यंत्र भेद करत नाही. ते केवळ दर्शने मोजते. शीर्षकात प्रश्नचिन्ह टांगून आत काहीच न सांगणाऱ्या बातम्यांचे पीक याच जमिनीतून उगवले आहे, आणि पुण्यातल्या नामांकित पत्रांची संकेतस्थळेही त्यापासून मुक्त नाहीत.

म्हणून ज्याला स्वतंत्र राहायचे आहे त्याला वाचकाकडेच यावे लागते. ‘अक्षरनामा’ने लेखांच्या अखेरीस आर्थिक साहाय्याचे आवाहन छापले, ‘द वायर’ आणि ‘न्यूजलाँड्री’ या वृत्तसंकेतस्थळांनीही देणगी व वर्गणीचा आधार घेतला. सरकार येथे साहाय्यक नाही. छापील वर्तमानपत्रावर वस्तू व सेवा कर नाही, डिजिटल पत्राच्या वर्गणीवर मात्र तो 18 टक्के आहे. टपालाची सवलत जशी नोंदणीकृत पत्रांना मिळाली, तशी कोणतीही सवलत या पत्रांच्या वाट्याला आलेली नाही.

अंकुशाचा विचार मात्र तत्परतेने झाला. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी नियम जारी केले. त्यांतील आचारसंहितेची सक्ती करणाऱ्या नियम 9 च्या पोटनियम 1 आणि 3 ला मुंबई उच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट 2021 रोजी स्थगिती दिली, आणि त्या प्रकरणातील एक अर्जदार निखिल वागळे हे मराठी पत्रकार होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69अ मात्र कायम आहे, आणि त्यान्वये मजकूर अडवण्याचा हुकूम गुप्तपणे निघू शकतो. ज्या पत्राला छापखानाच नाही त्याला टाळे कसे लावणार, हा भाबडा आशावाद त्यामुळे फार काळ टिकू नये.

तरी माझ्या मते या पत्रांना सरकारपेक्षा वाचकाच्या सवयीचे भय अधिक आहे. पुणेकर वाचक लेख न आवडल्यास संपादकाला मुद्देसूद पत्र धाडतो. आवडल्यास तो दहा नातेवाइकांना फुकट पाठवून आपले कर्तव्य संपले असे समजतो. दूध, वीज आणि मोबाइल यांची देयके बिनतक्रार भरणाऱ्या सुशिक्षित घरात पडद्यावरच्या मजकुराला किंमत असते ही कल्पनाच शिरलेली नाही. तेव्हा वाचकहो, आपण नेमाने वाचत असलेले एखादे स्वतंत्र मराठी पत्र आठवा, आणि चालू महिना संपण्याआधी त्याची वर्षाची वर्गणी भरून टाका.