बेसवाला किती पाण्यात आहे?

बेस ऐकायचा तर आधी मोबाइलचा स्पीकर बंद करावा. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, आणि एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. बेसवाल्यांची क्रमवारी लावणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी त्यांना धड ऐकलंय का, अशी मला शंका येते.

क्रमवारी लागते ती बहुधा वेगावर. द हूच्या जॉन एंटविसलने १९६५ साली 'माय जनरेशन'मध्ये भर गाण्यात बेसचा सोलो घेतला, तो आजही अंगावर येतो. मेटॅलिकाच्या १९८३च्या पहिल्या अल्बमवर क्लिफ बर्टनच्या सोलोचा तर स्वतंत्र ट्रॅकच आहे. हात जबरदस्त, वादच नाही. पण मला बेसवाला कळतो तो साध्या गाण्यात.

यूटूचं १९८७चं 'विथ ऑर विदाउट यू' घ्या. डी, ए, बी, जी. प्रत्येक सुरावर आठ आघात, की पुढचा सूर. अ‍ॅडम क्लेटन जवळजवळ गाणंभर हेच करतो. नवशिक्याला ते एका दुपारी 'येतं', आणि रेकॉर्ड करून ऐकलं की पितळ उघडं पडतं. तर्जनीचा आघात जड, मधल्या बोटाचा हलका; आठातले चार एका वजनाचे, चार दुसऱ्या. त्यात सूर सुरू करणं सोपं, वेळेवर बंद करणं अवघड. डावं बोट दाबावरून किंचित सैल करायचं, पण तारेवरून उचलायचं नाही. उचललं की मोकळी तार बोलते. वरच्या तारेवर वाजवताना खालची जाड तार आपसूक गुणगुणते, तिला उजव्या अंगठ्याने गप्प ठेवायचं. हे नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नाही जमलं तर 'गाणं जरा गढूळ वाटतंय' एवढंच लोक म्हणतात, आणि बोल खातो साउंडवाला.

एसी/डीसीच्या 'हायवे टू हेल'मध्ये (१९७९) क्लिफ विल्यम्स कडव्यांत वाजवतच नाही. ध्रुवपदाला आत शिरतो आणि गाण्याखालची जमीन एकदम भरून येते. सूर मोजणाऱ्याने याला किती गुण द्यायचे?

माझ्या लेखी सर्वांत वर जॉन पॉल जोन्स. लेड झेपेलिनच्या आधी तो लंडनच्या स्टुडिओंत रोजंदारीवर वाजवायचा. कुठे किती बोलायचं हे तिथे शिकावंच लागतं. १९६९च्या 'रॅम्बल ऑन'च्या कडव्यांत त्याचा बेस गायकाच्या शेजारून स्वतःची चाल गात जातो. ध्रुवपद आलं की ती चाल सोडून ड्रमला जाऊन चिकटतो.

कधी कधी मात्र निकाल देताच येत नाही. मेटॅलिकाच्या १९८८च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'वर जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्समध्ये इतका दाबलाय की हेडफोन लावूनही शोधावा लागतो. त्याला ऐकायचं तर त्याच अल्बमच्या दौऱ्यातलं, १९८९चं सिएटलचं चित्रण लावावं.