मूल विसरते म्हणजे काय?

काल पाटीवरचा 'घ' बिनचूक वाचणारा मुलगा आज 'ध' शिकला, की 'घ'पाशीही अडतो. आपण चटकन म्हणतो, "पोरगं मठ्ठ आहे. शिकवलेलं सगळं पुसून गेलं!" पण खरोखरच ते पुसले जाते काय?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारे संशोधन अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेत झाले. हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली एडवर्ड फायगेनबॉम यांनी ते केले आणि १९६० साली डॉक्टरेट मिळवली. विषय मानसशास्त्राचा, साधन मात्र गणकयंत्राचे, म्हणजे आपण आज ज्याला संगणक म्हणतो त्याचे.

निरर्थक शब्द पाठ करून स्मरणशक्ती तपासण्याची रीत जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केली होती. फायगेनबॉम यांनी तसेच तीन अक्षरी शब्द यंत्राला शिकायला दिले. त्यासाठी रचलेल्या आज्ञावलीचे नाव 'एपॅम'.

एपॅमची रीत वाटसरूसारखी आहे. शब्दाचे पहिले अक्षर पाहायचे आणि त्या वाटेने जायचे. दोन शब्द एकाच मुक्कामी येऊन थडकले, की शेवटचे अक्षर पाहून नवा फाटा पाडायचा. तेवढ्याने भागले नाही, तरच मधले अक्षर. थोडक्यात, फरक कळण्यापुरतेच शिकायचे.

आणि गंमत बघा! नवे शब्द आले, फाटे वाढले, तसा आधी येत असलेला एखादा शब्द यंत्राला सापडेनासा झाला. माणसाचेही असेच होते. पण तो शब्द पुसला गेला नव्हता. तिथवरची वाट चुकत होती, एवढेच.

यंत्राला भूक लागत नाही की छडीची भीती वाटत नाही, म्हणून मूल म्हणजे यंत्र असे कुणी समजू नये. तरी शिक्षकांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. अडलेल्या मुलाला 'घ' पन्नास वेळा गिरवायला लावण्याआधी 'घ' आणि 'ध' शेजारी शेजारी लिहा. "यांत वेगळं काय दिसतं रे?" असे विचारा. 'ध'ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली आहे, हे त्याचे त्यालाच सापडू द्या. फाटा त्याने स्वतः पाडला, म्हणजे पुढच्या खेपेला वाट चुकण्याचे भय कमी.